मयत चार, एकूण बेचाळीस

माझी ताई सहा महिने दर गुरुवारी सकाळी अकरा वाजता मरत होती. अकरा पस्तीसला उठायची, कपडे झटकायची आणि पुन्हा मशीनवर जाऊन बसायची. तिच्या मरण्याची कारखान्यात वाहवा व्हायची. वरचे साहेब पाहणीला आले की मास्तर त्यांना मुद्दाम तिच्यापाशी न्यायचे आणि म्हणायचे, "ही बघा. पापणी हलत नाही." माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. पण माझ्या हातात स्ट्रेचरचा दांडा असायचा, आणि स्ट्रेचरवाल्यांना सरावात तोंड उघडायला बंदी होती.

आम्ही सैन्यासाठी तंबू शिवतो. बेचाळीस बायका. मेण चोपडलेलं जाड कापड, त्याचा वास केसांत बसतो तो रविवारी न्हायलं तरी जात नाही. ताई शिवणीला आणि मी कड्या ठोकायला. तंबूच्या कडेला दोर ओवायची भोकं असतात, त्यांत पितळी कड्या बसवायच्या, दिवसभर हातोडी. आठ वर्षं ठोकतेय. माझ्या स्वभावाला हेच काम बरं, असं ताई म्हणते.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा माझी वेणीफणी तिनेच केली, माझ्या वतीने शेजाऱ्यांची माफीही तिनेच मागितली. ती नाकासमोर चालणारी, आणि माझ्या नाकावर कायम राग. भावोजी गेल्यावर मी तिच्या खोलीत राहायला आले. तिचा एकुलता एक मुलगा, माझा भाचा, लढाईवर गेला आणि त्या खोलीत आम्ही दोघीच उरलो. खिडकीला काळा कागद, दोन खाटा, एक स्टोव्ह, आणि त्याची पत्रं ठेवायचा बिस्किटांचा डबा.

मास्तर म्हणजे सरावाचे अधिकारी. लढाईआधी कुठल्याशा शाळेत कवायत शिकवायचे. तिथली पोरं त्यांना भीक घालत नव्हती म्हणे. मग लढाई लागली आणि सरकारने त्यांच्या गळ्यात शिट्टी आणि हातात हजेरीचं बुक दिलं. बेचाळीस बायका रांगेत उभ्या राहिलेल्या बघून त्यांचा चेहरा असा खुलायचा, की लढाई संपू नये म्हणून हा माणूस मनातल्या मनात हात जोडत असणार, अशी माझी खात्री होती.

सराव असा. भोंगा वाजला की चार मिनिटांत सगळ्यांनी अंगणातून तळघरात जायचं. जोडीजोडीने, पळायचं नाही, मागे वळून बघायचं नाही. खाली मास्तर हजेरी घेणार आणि आकडे ओरडणार. आम्ही सगळ्यांनी एका सुरात "बरोबर!" म्हणायचं. अंगणात पहारेकऱ्याच्या दोन लांब शिट्ट्या झाल्या की धोका टळला. मग दार उघडायचं. दोन शिट्ट्यांशिवाय दार उघडायचं नाही, मग बाहेर कोणी का असेना.

इथवर ठीक. पण वरून कागद आला, की बेचाळीस माणसांच्या कारखान्यात चार माणसं दगावतील असा अंदाज धरून सराव करावा. झालं, मास्तरांनी चार बायका नेमल्या. गळ्यात दोरीने अडकवायला पुठ्ठ्याचं कार्ड, त्यावर मोठ्या अक्षरात 'मयत'. अंगणात चुन्याने चार आकृत्या काढल्या, डोकं, हात, पाय सगळं. भोंगा वाजला की या चौघींनी आपापल्या चुन्यात जाऊन पडायचं. डोळे मिटायचे. हलायचं नाही, खोकायचं नाही, कोणी उचललं तर अंग सैल सोडायचं, आणि दोन शिट्ट्या झाल्या की मगच उठायचं. स्ट्रेचरवाल्यांनी जखमींना आधी न्यायचं, मयत शेवटी.

पहिल्या दिवशी मला मयत केलं होतं. मी हसले. मास्तरांनी मला तिथल्या तिथे जिवंत केलं आणि स्ट्रेचरवर घातलं, म्हणजे उचलायच्या कामावर. माझ्या जागी त्यांनी ताईला निवडलं. का? तर ती गुणी म्हणून. "शांत पडून राहतील अशाच हव्यात," म्हणाले. जन्मभर कोणाला उलट बोलली नाही, त्याचं हे बक्षीस मिळालं तिला. चौथ्या नंबरचा चुना. सगळ्यात लांबचा, कापडाच्या गोदामाच्या भिंतीला लागून.

दुसऱ्या की तिसऱ्या गुरुवारी मी सराव संपल्यावर विचारलं होतं, "मास्तर, विमानं खरोखर आली तर या चौघींनी काय करायचं?"

त्यांनी बुक मिटलं. "तेव्हा सांगण्यात येईल."

"कोण सांगणार? तुम्ही तर तळघरात असणार."

"तुमचं काम काय आहे?"

"कड्या ठोकणं."

"मग त्या ठोका."

बायका हसल्या. मीही हसले असते, पण ताईने माझा हात इतका घट्ट धरला होता की मला कळ आली.

मयतांची परीक्षाही व्हायची. मास्तर पडलेल्या बायकांजवळ जाऊन ओरडायचे, "उठा, उठा, हा सराव नाही, खरा हल्ला आहे!" मागे एक माणूस लोखंडी पिंप बडवत असायचा, स्फोटाचा आवाज म्हणून. जी उठेल ती नापास. एकीला आम्ही जिराफ म्हणतो, उंच आहे म्हणून. ती बिचारी एकदा घाबरून उठली आणि पाच पावलं पळाली. तिची दोन महिन्यांची सुट्टी कापली. नंतर एका शनिवारी अचानक भोंगा वाजला. मयतांना वाटलं की गुरुवार नाही तेव्हा खरा असेल. त्या सगळ्यांबरोबर तळघरात आल्या. तोही सरावच निघाला. चौघींना कामानंतर तासभर अंगणात पाडून ठेवलं. भोंगा म्हणजे चुन्यात पडायचं, वार कोणता का असेना, हे त्या दिवशी त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. बसवलं, असं म्हणा.

ताई घरीसुद्धा सराव करायची. हे मला सर्वांत जास्त झोंबायचं. संध्याकाळी स्टोव्हवर भात ठेवायची आणि तो शिजेपर्यंत फरशीवर आडवी व्हायची. "बघ गं, नाक हलतंय का?"

"ताई, ऊठ. मला बघवत नाही."

"श्वास दिसतो म्हणाले परवा. पोटाने घेऊ नका, म्हणाले."

"श्वास घेऊच नका म्हणतील पुढच्या वेळी. मग काय करशील?"

ती डोळे मिटूनच म्हणाली, "तुला काय जातं? एवढा महिना निघू दे."

महिना निघू दे, कारण भाच्याचं पत्र आलं होतं. त्याची तुकडी एका आघाडीवरून दुसऱ्या आघाडीवर चालली होती. गाडी आमच्यापासून दोन तासांवरच्या जंक्शनला रविवारी दुपारी पाणी भरायला थांबणार होती. वीस मिनिटं. दीड वर्षात तिने त्याला पाहिलं नव्हतं. लढाईमुळे रविवारीही कारखाना चालू, गावाबाहेर जायचं तर सुट्टीचा पास हवा, आणि पासावर सही मास्तरांची. त्यांनी सही केली होती. पण पास आपल्याच खिशात ठेवला होता. "शनिवारपर्यंत वागणूक बघू," म्हणाले. ताईने त्या वीस मिनिटांत द्यायच्या वस्तू तीनदा बांधल्या आणि तीनदा सोडल्या. लोकरीचे मोजे आधी द्यायचे की शेवटी, यावर माझ्याशी वाद घातला. तिला इतकं बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं.

त्याच आठवड्यातल्या मंगळवारी सकाळी सव्वानऊला भोंगा वाजला.

मी हातोडी खाली ठेवली आणि रांगेत लागले. मला काहीही वाटलं नाही. हेच सांगायला मला लाज वाटते. मी रागीट, तोंडाळ, कारखान्यात सगळ्यांना प्रश्न विचारणारी, आणि माझे पाय आपोआप जोडी धरून चालायला लागले. पुढच्या बाईच्या पाठीकडे बघत मी अंगण ओलांडलं. मागे वळून बघायचं नाही, म्हणून बघितलं नाही. डोळ्यांच्या कोपऱ्यातून मला जिराफ पहिल्या नंबरच्या चुन्यात बसताना दिसली. आधी गुडघे, मग हात टेकून. तेव्हाही मनात आलं ते एवढंच, की आज स्ट्रेचर कोणी बाहेर काढलं नाही, मास्तर चिडणार.

तळघरात मास्तरांनी हजेरी घेतली. मग नेहमीसारखे ओरडले, "हजर अडतीस! मयत चार! एकूण बेचाळीस!"

"बरोबर!" आम्ही म्हणालो. मीसुद्धा. माझा आवाज चांगला खणखणीत आहे.

आणि छताची खपली माझ्या मानेवर पडली. मग जमिनीतून हादरा आला, पायातून पोटात चढला. पिंप बडवल्याने जमीन हादरत नाही. मी मास्तरांकडे पाहिलं. त्यांची पाचावर धारण बसली होती. ओठ पांढरे, आणि बोट हजेरीच्या बुकात त्या चारच्या आकड्यावर.

"हा भोंगा तुम्ही वाजवला नाहीत," मी म्हणाले.

त्यांनी बोट त्या आकड्यावर आणखी दाबलं.

"मास्तर, त्या चौघी वर आहेत."

"हजेरी बरोबर आहे," ते म्हणाले.

मी उठले. ते दाराला पाठ लावून उभे राहिले. "दोन शिट्ट्यांशिवाय दार उघडत नाही." हा माणूस दुष्ट असता तर मला बरं वाटलं असतं. तो घाबरला होता, आणि घाबरलेल्या माणसाला त्याच्या नियमाखेरीज दुसरं काही आठवत नव्हतं. मी त्यांना खांद्याने असं ढकललं, की ते भिंतीवर आपटले. आठ वर्षं हातोडी चालवलेला हात आहे माझा. अडसर काढला, बाहेर पडले. मागे त्यांनी तो पुन्हा लावलेला मी ऐकला.

अंगणात लख्ख ऊन होतं. पहारेकऱ्याची खुर्ची आडवी पडलेली, पहारेकरी पसार. आणि तीन बायका दाराजवळच्या चुन्यात एका ओळीत, डोळे मिटून पडलेल्या. "उठा गं, खरंय हे!" मी ओरडत ताईकडे धावले. एकही उठली नाही. का उठतील? हेच शब्द, याच सुरात, त्यांनी किती वेळा ऐकले होते.

ताई गोदामाच्या भिंतीशी होती. हात आकृतीतल्या हातांवर, पाय पायांवर. गळ्यात कार्ड, अक्षरं वर. मी तिचे खांदे गदागदा हलवले. "ताई, ऊठ. विमानं आलीत."

ओठ न हलवता ती पुटपुटली, "जा तू. मी मयत आहे."

"अगं बाई, खरी विमानं आहेत! डोळे उघड, वर बघ!"

"असंच म्हणतात ते."

"मी म्हणतेय! मी, तुझी बहीण!"

"तुला पाठवलंय त्यांनी. जा ना गं. पास जाईल माझा."

नदीपलीकडे कुठेतरी बॉम्ब पडला. भिंतीवरून चुरा सांडला, ताईच्या केसांत, गालावर, ओठांवर. तिने जीभही फिरवली नाही. मी तिच्या काखेत हात घातले आणि ओढायला लागले. तिने शिकवल्याप्रमाणे अंग सैल सोडलं. सैल सोडलेलं अंग किती जड होतं, हे मला स्ट्रेचरवर काम करून माहीत होतं, पण तेव्हा दुसरं टोक धरायला कोणीतरी असायचं. चार पावलं ओढली. तिची एक चप्पल सुटली. मी तिला शिव्या घातल्या. मास्तरांना, साहेबांना, त्या कागदावर चारचा आकडा लिहिणाऱ्या हाताला, सगळ्यांच्या सात पिढ्यांना. मग तिच्या तोंडात मारली. जोरात, पाच बोटं उमटतील अशी. तिने डोळे उघडले नाहीत. मिटलेल्या पापण्यांतून पाणी आलं तेवढं.

तेव्हा मला कळलं, की हिला मी उठवू शकत नाही. बहीण म्हणून नाहीच. हिला उठवेल ती फक्त शिट्टी.

मी दोन बोटं तोंडात घातली आणि दोन लांब शिट्ट्या मारल्या.

ताई उठून बसली. मागे त्या तिघी उठून बसल्या. ताई कपडे झटकायला लागली, मग तिची नजर वर गेली आणि हात झटकता झटकता थांबला. तिला उभी करून मी पळायला लावलं. पुढे जिराफ आणि दुसऱ्या दोघी पळत होत्या.

आणि तळघराचं दार उघडलं. अर्थातच उघडलं. दोन शिट्ट्या झाल्या होत्या ना. उंबऱ्यात मास्तर, हातात बुक, आणि त्यांच्यामागे जिन्यावर जोडीजोडीने बायका, बाहेर येऊन रांग धरायला तयार. डोक्यावर विमानं घरघरत होती आणि हा माणूस दार अडवून विचारत होता, "शिट्टी कोणी वाजवली? पहारेकरी कुठाय? शिट्टी कोणी वाजवली?"

"मी," म्हणाले आणि डोकं त्यांच्या पोटात घातलं. मी, ताई, जिराफ, त्या दोघी, मास्तर, पायऱ्यांवरच्या बायका, सगळे एकमेकांवर कोसळत खाली गेलो. वर काहीतरी फुटलं. असा आवाज, की तो कानांना नव्हे, दातांना ऐकू आला. दार बिजागरीसकट आत आलं आणि दिवा विझला.

धुळीत सगळ्या खोकत होत्या. एकीचा हात मोडला, दोघींची डोकी फुटली. पण जिवंत. सगळ्या. अंधारात मी ताईचा चेहरा चाचपला. नाक, कान, हनुवटी. तिचे दात वाजत होते. कोणीतरी रडायला लागली आणि मग सगळ्याच रडायला लागल्या. मला वाटलं, आता तरी.

मास्तरांनी काडी पेटवली. बुक शोधलं, त्यावरची धूळ पुसली. त्यांच्या कपाळातून रक्त येत होतं, त्याचं त्यांना भान नव्हतं. त्यांनी हजेरी घेतली. एकेक आकडा. त्या अंधारात एकेक बाईने "हजर" म्हटलं. तुम्हाला खोटं वाटेल, पण म्हटलं.

"हजर बेचाळीस," ते म्हणाले. मग घुटमळले. "मयत..." काडी विझली. दुसरी पेटवली. "मयत चार पाहिजेत."

कोणी "बरोबर" म्हणालं नाही. त्यांनी बुकाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. दोनदा मोजलं. घाबरलेल्या माणसाची मला कीव यायला हवी होती. नाही आली. अजूनही येत नाही. त्यांनी पेन्सिल ओली केली आणि चौघींच्या नावांपुढे लिहिलं, 'जागा सोडली'. लिहिताना मोठ्याने वाचलं, तशी त्यांची पद्धत. मग खिशातून ताईचा पास काढला आणि चार तुकडे केले. एवढी पडझड झाली होती, पण चारही तुकडे अगदी सारखे. नियमाचं काम होतं ना ते.

मी त्यांच्या अंगावर जाणार होते. देवाशपथ जाणार होते. दोघींनी मला कमरेला धरून ठेवलं.

तासाभराने आम्ही वर आलो. गोदाम नव्हतं. भिंत नव्हती. ताईचा चुना होता तिथे माणूस उभा मावेल एवढा खड्डा, त्यात कापडाचे गठ्ठे जळत होते, मेणाचा वास सगळीकडे. मी ताईला दंडाला धरून खड्ड्याच्या काठाशी नेलं. म्हटलं, बघ. डोळ्यांनी बघ. आता तरी तुला राग येऊ दे. एकदा, जन्मात एकदा.

तिने पाहिलं. तिच्या गालावर माझी बोटं अजून लाल होती.

"तू शिट्टी का वाजवलीस?" ती म्हणाली.

"काय?"

"पास गेला माझा."

"ताई, तू मेली असतीस!"

तिला राग आला होता. खरंच आला होता. पण तो मास्तरांवर नव्हता, विमानांवर नव्हता. माझ्यावर होता.

"सहा महिने दर गुरुवारी मेले मी," ती म्हणाली. "पापणी हलवली नाही. त्या वीस मिनिटांसाठी. आणि तू उठवलंस मला."

माझ्याकडे कारखानाभर पुरेल एवढं बोलायला होतं. तेवढ्यात मास्तरांनी अंगणात लांब शिट्टी दिली. बेचाळीस बायका विटांच्या ढिगांतून वाट काढत जोडीजोडीने उभ्या राहिल्या. ताई गेली. आणि मी, जिला कोणी कधी गप्प करू शकलं नाही ती मी, तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले, पायाला पाय जुळवून.